साठ हजारांत दशावतार : पहिल्या कॅमेऱ्याच्या निवडीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कुडाळ तालुक्यातला एक तरुण. वय सत्तावीस, पतसंस्थेत नोकरी, घरची थोडी आंबा-काजूची बागायत. ओळख उघड होऊ नये म्हणून गावाचं आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत.

त्याला वेड दशावताराचं, म्हणजे कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याचं. कार्तिकात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की वैशाखापर्यंत जमेल तितक्या रात्री देवळाच्या आवारात काढायच्या, पहाटे घरी यायचं आणि दहाला पुन्हा पतसंस्थेच्या काउंटरवर बसायचं, हा त्याचा शिरस्ता. काही हंगाम तो मोबाईलवर फोटो काढत होता आणि रंगपटातले त्याचे फोटो खरोखर चांगले होते. रंगपटात नट जमिनीवर बसून, हातातल्या आरशात बघून आपली रंगरंगोटी आपणच करतो. दिवा जवळ असतो, चेहरा फारसा हलत नाही. अशा ठिकाणी बरा मोबाईल कुठेच कमी पडत नाही.

अडायचं मंचावर. मोबाईलचा नाइट मोड एकापाठोपाठ घेतलेल्या अनेक फ्रेम जुळवून एक फोटो तयार करतो. समोरचं स्थिर असेल तर ही करामत छान चालते. युद्धाच्या प्रसंगात गरगर फिरणारा राक्षस असेल तर फोटोत एका धडाला दीड मुकुट आणि तीन हात येतात.

२०२३च्या दिवाळीत बोनस आणि मुदत संपलेली आरडी मिळून साठ हजार रुपये हातात आले. वडिलांचं मत एका वाक्यात आटोपलं, "मोबाईलात फोटो येनत नाय काय?" त्याने मला फोन केला. मी नवशिक्यांना फोटोग्राफी शिकवतो, आमची ओळख एका कार्यशाळेतली. प्रश्न नेहमीचाच होता, "दादा, साठ हजारांत चांगला कॅमेरा कुठला?"

अडचण नेमकी कुठे होती

या प्रश्नाला उत्तर नसतं. मी उलट विचारलं, तू बसतोस कुठे, मंचापासून किती लांब, आणि दिवे कसले असतात? त्याने सांगितलेलं चित्र असं होतं. रात्री अकराच्या पुढे नाटक सुरू. मंच छोटा, मागे गडद पडदा, बाजूला पेटी, मृदंग आणि झांज. दिवे म्हणजे दोन-चार ट्यूब, कुठे हॅलोजन, आणि अलीकडे रंग बदलणारे एलईडी. तो मंचापासून चार-पाच मीटरवर, जमिनीवर बसलेला. फ्लॅश वापरायचा प्रश्नच नाही. पहिल्याच वर्षी पेटीवाल्या बुवांनी मोबाईलचा दिवा चमकल्यावर दम दिला होता, "रे झिला, ता लायट मारू नको हां."

वर दशावताराला लिखित संहिता नसते. कथानक ठरलेलं, संवाद उत्स्फूर्त. कोण कधी उसळेल, कुठला नट समोरच्याची फिरकी घेत दोन पावलं पुढे येईल, हे आधी कळत नाही. म्हणजे थांबून, जुळवून फोटो घेण्याची सोय नाही. उजेड कमी, विषय हलता, फ्लॅश बंद. या तीन अटी एकत्र आल्या की कॅमेऱ्याच्या जाहिरातीतले बहुतेक आकडे बिनकामाचे ठरतात. त्याने वहीत उतरवून ठेवलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर (उजेड टिपणारी चिप) २४ मेगापिक्सेलचाच होता आणि तरी तो मेगापिक्सेलच तोलत बसला होता.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय दुकानदाराचा. कॅनन १५००डी, सोबत १८-५५ आणि ५५-२५० (हे लेन्सच्या लांबीचे मिलिमीटर, आकडा मोठा तितकं दृश्य जवळ) अशी दोन लेन्सची जोडी, बॅग आणि कार्ड फुकट, सगळं पन्नास हजारांच्या आसपास. नव्या माणसाला हा कॉम्बो फार भुरळ घालतो, कारण दोन लेन्स म्हणजे सगळं आलं असं वाटतं. १५००डी हा २०१८चा कॅमेरा, उन्हात उत्तम फोटो देतो. गोम लेन्समध्ये होती. १८-५५ ही लेन्स ५५वर नेली की तिचं तोंड एफ ५.६च्या वर उघडत नाही (एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं आणि उजेड जास्त) आणि ५५-२५०ची गतही तीच.

दुसरा पर्याय मुंबईच्या चुलतभावाचा. त्याचं म्हणणं, घ्यायचा तर फुलफ्रेमच (जुन्या फिल्मएवढा मोठा सेन्सर असलेला) घे, फोर्टात कॅननचा जुना ६डी मिळतो. या सल्ल्यात तथ्य होतं. ६डी २०१२चा असला तरी त्याच्या सेन्सरचं क्षेत्रफळ १५००डीच्या सेन्सरच्या सुमारे २.६ पट आहे आणि कमी उजेडात तो फरक दिसतो. पण त्याला फोकसचे बिंदू फक्त ११, त्यातला क्रॉस-टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषांवर फोकस धरणारा, एकटा मधला. आणि फुलफ्रेमवर तेवढ्याच अंतरावरून नटाचा चेहरा तेवढाच मोठा हवा असेल तर छोट्या सेन्सरवरच्या ५० एमएमऐवजी ८५ एमएमची लेन्स लागते, ती ५०च्या कितीतरी पट महाग. लेन्सआधी नुसत्या कॅमेऱ्यावर, म्हणजे बॉडीवरच, पैसे संपले असते.

तिसरा, कॅननचाच मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, आर५०. २०२३ सालीच आलेला, वजनाला हलका, डोळ्यावर फोकस धरून ठेवणारा. मला विचाराल तर कामाला हाच सगळ्यात सोयीचा होता. पण सोबतची १८-४५ लेन्स एफ ४.५ ते ६.३, म्हणजे १८-५५पेक्षाही अंधारी. मोठ्या तोंडाची आरएफ (मिररलेससाठीची) ५० एमएम वेगळी घ्यायची तर हिशेब ऐंशी-नव्वद हजारांवर जात होता. बजेट लाखाचं असतं तर हे प्रकरण इथेच संपलं असतं.

चौथा पर्याय गावातल्या बाजारपेठेतच निघाला. लग्नाचं काम करणारा एक स्टुडिओवाला मिररलेसवर चालला होता आणि आपला कॅननचा ८०डी विकत होता. सोबत १८-१३५ लेन्स, दोन बॅटऱ्या, चार्जर. मागत होता पंचेचाळीस हजार.

पाचवा पर्याय कुणी सुचवलेला नव्हता, कागदावर मांडताना पुढे आला. नवी १५००डी साध्या १८-५५सह घ्यायची, दुसरी झूम सोडून द्यायची आणि तिच्याऐवजी ईएफ ५० एमएम एफ १.८ एसटीएम लावायची. पन्नास हजारांच्या आत, सगळं नवं, वॉरंटीसह.

मध्येच एक निकॉनचा मोहही येऊन गेला. ओळखीतल्या कुणाकडे डी३५०० होता आणि ५० एमएम एफ १.८डी लेन्स स्वस्तात मिळत होती. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. या ‘डी’ लेन्समध्येही नव्हती. दोन्ही एकत्र लावल्या की फोकस हातानेच फिरवावा लागतो. दिवसा फुलाचा फोटो काढताना ते चालून जाईल, रात्री युद्धाच्या प्रसंगात नाही. हाच घोळ टाळायला मोटर असलेली ‘जी’ लेन्स घ्यावी लागते आणि ती स्वस्त नव्हती.

पैसे देण्याआधीची जत्रा

पहिला महत्त्वाचा निर्णय खरेदीचा नव्हताच. डिसेंबरात एक जत्रा होती. तिच्या आधी काहीही विकत घ्यायचं नाही आणि त्या रात्री उसना कॅमेरा वापरायचा, असं ठरलं. त्याच्या शाळेतल्या एका मित्राने हौसेने १५००डीचा तोच दोन लेन्सवाला कॉम्बो घेऊन कपाटात ठेवला होता. असे कपाटातले कॅमेरे प्रत्येक गावात दोन-चार तरी असतात, मागितले की मिळतात. स्टुडिओवाल्याकडून एका रात्रीपुरती ५० एमएमही मागून आणली.

निकाल डोळ्यांसमोर आला. १८-५५ लावून, ५५वर, एफ ५.६ला, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत चढवून शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, मिळालं १/५० सेकंदाचं. त्या बॉडीचा आयएसओ विस्तारित धरूनही १२८०० वर थांबतो, म्हणजे फार तर १/१००. उभा राहून संवाद म्हणणारा राजा १/५०ला बरा आला, हात उगारणारा राक्षस पुसला गेला. लेन्सवर ‘आयएस’ लिहिलेलं आहे मग फोटो हलतो कसा, हा त्याचा प्रश्न रास्त होता. आयएस फोटो काढणाऱ्याच्या हाताची थरथर सावरतं, समोरच्या नटाला ते थोपवू शकत नाही.

मग त्याच जागी बसून, त्याच दिव्यांत ५० एमएम लावली. एफ १.८ला शटर १/२०० झालं आणि आयएसओ उलट २५००वर उतरला. हे गणित साधं आहे. ५.६ला १.८ने भागायचं आणि आलेल्या संख्येचा वर्ग करायचा, उत्तर जवळपास दहा. साडेनऊ हजारांची लेन्स सेन्सरवर दहापट उजेड पाडत होती, तर फुलफ्रेमच्या मोठ्या सेन्सरने मिळणारा फायदा अडीच पटीच्या आसपासचा. चुलतभावाचा सल्ला त्या रात्री मागे पडला, आणि दुकानदाराचा कॉम्बोही.

नवी १५००डी की जुना ८०डी

इथे खरा पेच पडला. लेन्स दोन्ही पर्यायांत तीच होती. एकीकडे कोरी बॉडी आणि वॉरंटी, दुसरीकडे लग्नांत घासलेली पण वरच्या वर्गातली बॉडी.

मी त्याला तिसऱ्या माणसासारखं दोन्ही बाजूंनी सांगत राहिलो, कारण दोन्ही निवडी समजूतदार होत्या. १५००डीला फोकसचे बिंदू ९ आणि क्रॉस-टाइप फक्त मधला. उभ्या फ्रेममध्ये नटाचा चेहरा वरच्या बाजूला येतो. मधल्या बिंदूने चेहऱ्यावर फोकस धरायचा आणि मग कॅमेरा खाली झुकवून चौकट जुळवायची, तर तेवढ्यात नट हलतो. ८०डीला ४५ बिंदू, सगळे क्रॉस-टाइप, त्यातला वरचा निवडून चेहऱ्यावर ठेवता येतो. चार मीटरवर एफ १.८ला या सेन्सरवर साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. नट दोन मीटरवर आला तर तोच पट्टा दहा-अकरा सेंटिमीटर उरतो, त्यात चेहरा जेमतेम बसतो.

८०डीची दुसरी जमेची बाजू दिव्यांशी निगडित होती. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेच साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, १/२००च्या शटरला कळतं. एक फोटो उजळ, पुढचा काळवंडलेला, तिसऱ्याचा वरचा अर्धा भाग पिवळट. ८०डीमध्ये अँटी-फ्लिकर आहे. दिवा सर्वांत उजळ असतो तो क्षण पकडून तो शटर सोडतो. १५००डीत ही सोय नाही. शिवाय ८०डीचा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) पेंटाप्रिझमचा, म्हणजे काचेच्या लोलकाचा, पूर्ण चौकट दाखवणारा आणि अंधारात बघायला मोठा. शटर आणि अ‍ॅपर्चरला (लेन्सच्या तोंडाला) वेगवेगळी चाकं, म्हणजे मेनूत न शिरता अंधारात बोटांनी काम होतं.

विरोधात एकच मुद्दा, पण वजनदार. जुना कॅमेरा बिघडला तर जबाबदार कोणी नाही. सर्व्हिस सेंटर तालुक्यात नाही, कॅमेरा पाठवा, वाट पाहा. दर महिन्याच्या पगारातून ईएमआय भरणाऱ्याला हा धोका परवडत नाही. या तरुणावर कर्ज नव्हतं आणि फोटो हे त्याचं पोटापाण्याचं साधन नव्हतं. कॅमेरा पंधरा दिवस बंद पडला तर चुकणार ती एक-दोन नाटकं. त्याने ८०डी निवडला. तोच माणूस लग्नाच्या ऑर्डरी घेणारा असता तर मी नव्याकडे झुकलो असतो.

तपासणी आणि सौदा

स्टुडिओवाला ओळखीचा होता, म्हणून तपासणी करताना आमच्या तरुणाला संकोच वाटत होता. ओळख असली तरी तपासावं, आणि विक्रेत्याच्या समोरच तपासावं.

आधी मूळ बिल आणि बॉडीच्या तळाचा अनुक्रमांक जुळवून पाहिला. मग शटरचा आकडा. निकॉनच्या फोटोच्या माहितीतच हा आकडा सापडतो, ८०डीला केबल जोडून संगणकावरच्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो. आला ६२ हजार. ८०डीच्या शटरची चाचणी एक लाख उघडझापींपर्यंत झालेली आहे. म्हणजे वय झालेलं, पण अजून बरंच शिल्लक. बॅटरीची तब्येत मेनूत चौकोनांनी दिसते. एका बॅटरीला तीन हिरवे चौकोन, दुसरीला एकच लाल. एफ १६ला आभाळाचा फोटो काढून सेन्सरवरची धूळ पाहिली. कोपऱ्यात चार-पाच ठिपके होते, साफ होण्यासारखे.

गडबड लेन्समध्ये निघाली. १८-१३५ हातात घेऊन, मागून मोबाईलची टॉर्च मारून, तिरक्या नजरेने आत पाहिलं तर एका भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. विक्रेता म्हणाला, "धूळ आसा ती, पुसल्यार जाता." धुळीचे कण सुटे असतात, त्यांना फांद्या फुटत नाहीत. ही बुरशी होती, कोकणातल्या पावसाळ्याची नेहमीची देणगी. ती वाढत गेली की भिंगावरचा थर कोरते, आणि लेन्स उघडून साफ करण्याचा खर्च त्या लेन्सला परवडत नाही. लेन्स नको, बॉडी, बॅटऱ्या आणि चार्जर तेवढे द्या, असं सांगून सौदा चौतीस हजारांवर ठरला. संकोचापायी लेन्सही घेतली असती तर अकरा हजार बुरशीत गेले असते.

बाकीचा खर्च असा झाला. नवी ५० एमएम साडेनऊ हजार. सेन्सर साफ करून घेण्याचे पंधराशे. ६४ जीबीची दोन कार्डं दोन हजार. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर मिळून दीड हजार. एकूण साडेअठ्ठेचाळीस. साडेअकरा हजार मुद्दाम शिल्लक ठेवले आणि हंगाम संपेपर्यंत दुसऱ्या लेन्सचं नावही काढायचं नाही असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

पहिला हंगाम

पहिल्या दोन नाटकांचे फोटो त्याने पाठवले तेव्हा काहीतरी खटकत होतं. शटर नीट, आयएसओ नीट, तरीही डोळे मऊ. मोठं करून पाहिल्यावर दिसलं की छातीवरच्या माळेचे मणी अगदी कातीव आलेत आणि डोळे त्यांच्या जरासे मागे राहिलेत. आधी त्याला वाटलं आपणच चुकतोय. मग घरी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, तिरक्या कोनातून, एका ठळक ओळीवर फोकस धरून दोन फोटो काढायला सांगितले, एक व्ह्यूफाइंडरमधून आणि एक मागच्या पडद्यावर बघत लाइव्ह व्ह्यूत. लाइव्ह व्ह्यूमध्ये ८०डी थेट सेन्सरवरून फोकस धरतो, त्यामुळे तिथे ती ओळ बरोबर आली. व्ह्यूफाइंडरमधून घेतलेल्या फोटोत तिच्या पुढची ओळ ठळक होती. डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या अशा कॅमेऱ्यांत) बॉडी आणि लेन्सची जोडी किंचित पुढे किंवा मागे फोकस धरते हे नवल नाही, आणि एफ १.८ला ते लगेच उघडं पडतं. ८०डीच्या मेनूत याची दुरुस्ती आहे. तिथे आकडा थोडा थोडा सरकवत शेवटी +६वर गाडी रुळावर आली. १५००डीत ही सोयही नसते, हे आम्हाला तोवर सुचलंच नव्हतं.

दुसरा धडा रंगरंगोटीने दिला. मागे गडद पडदा, पुढे गोरा रंग फासलेला चेहरा आणि चकाकता मुकुट. कॅमेऱ्याचा आपोआप चालणारा, उजेड मोजणारा मीटर पडद्याचा अंधार मोजतो आणि सगळंच उजळ करून टाकतो, चेहरा पांढराफटक. यावर त्याने स्वतःच युक्ती काढली. मुख्य आख्यानाआधी आडदशावतार असतो. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती येतात. हा भाग संथ असतो आणि दिवे तेच असतात. त्या वेळात मॅन्युअलवर चेहऱ्याचा उजेड जुळवून ठेवायचा, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर लुकलुकणारे अतिउजळ भाग चेहऱ्यावरून गेले की हात थांबवायचा, आणि दिवे बदलेपर्यंत त्याला शिवायचं नाही. संकासुर मंचावर येईपर्यंत त्याची तयारी झालेली असते.

अँटी-फ्लिकरने ट्यूब आणि हॅलोजनखाली काम चोख केलं. रंग बदलणाऱ्या स्वस्त एलईडीपुढे मात्र ते हरलं. त्यांचा लुकलुकाट विजेच्या ठेक्यावर चालत नाही, त्यांचा उजेड कमीजास्त करणारं सर्किट वेगळ्याच वेगाने तो तोडत असतं. तिथे शटर १/१०० पर्यंत खाली आणून, नट क्षणभर स्थिरावण्याची वाट पाहणं एवढंच हातात उरतं. भडक लाल प्रकाशात तर चेहऱ्याचा तपशीलच जळतो, तेव्हा त्याने सरळ कॅमेरा खाली ठेवून नाटक बघायला सुरुवात केली.

तरीही हंगामाअखेर त्याच्याकडे असे फोटो होते, जे मोबाईलने कधीच दिले नसते. एकात स्त्रीभूमिकेतला नट वळतोय, पदर हवेत तरंगलाय, मुकुटाच्या झुरमुळ्या एकेक मोजता येतात, आणि मागे मृदंगवाल्याचा चेहरा हलकासा धूसर पण ओळखू येणारा. एका दशावतार मंडळाने त्याचा एक फोटो हँडबिलावर छापला. त्यानंतर वडिलांचा मोबाईलवाला प्रश्न घरात पुन्हा निघाला नाही.

पावसाळा

जूनपासून कोकणात हवेतली आर्द्रता नव्वदीच्या आसपास रेंगाळते. कॅमेरा बॅगेत घालून कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला घर भाड्याने देणं. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवायची, एवढाच उपाय. ड्राय कॅबिनेट आलं तर उत्तम, पण दोन भिंगांसाठी डबा पुरतो. नारिंगी दाणे ओल पिऊन हिरवे झाले की गरम करून पुन्हा वापरता येतात. निळे दाणे घेऊ नयेत, त्यात कोबाल्टचं क्षार असतं, ते स्वयंपाकाच्या तव्यावर तर अजिबात चढवू नयेत. आणि आठवड्याला एकदा कॅमेरा बाहेर काढून, लेन्सला चांगला उजेड दाखवून, दहा-वीस फोटो काढायचे. त्याने पावसाळाभर परसातल्या आळवाचे फोटो काढले, ते कंटाळवाणे होते. भिंगं मात्र ऑगस्टमध्ये टॉर्च मारून पाहिली तेव्हा लख्ख होती.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात ठळक गोष्ट लेन्सच्या लांबीची. ५० एमएम या सेन्सरवर पाच मीटरवरून सव्वादोन मीटर रुंदीची चौकट देते. उभ्या फ्रेममध्ये एक नट डोक्यापासून पायापर्यंत मावतो, पण समोरासमोर उभे ठाकलेले दोन योद्धे मावत नाहीत. हंगामभर तो एकट्या नटाचे फोटो काढत राहिला आणि दोघांमधली जुगलबंदी, जी दशावताराचा प्राण आहे, निसटत राहिली. गंमत म्हणजे याचं उत्तर डिसेंबरातच हाताशी होतं. उसन्या १८-५५ने काढलेल्या प्रत्येक फोटोच्या माहितीत त्या वेळची लांबी नोंदलेली होती. नंतर त्याने ते फोटो चाळले तर त्याला आवडलेल्यांतले बरेचसे २४ ते ३०च्या दरम्यान काढलेले निघाले. जत्रेतली चाचणी आम्ही उजेडासाठी वापरली, चौकटीसाठी कुणी वापरलीच नाही. तशी वापरली असती तर पहिली लेन्स ५०च राहिली असती असं मला वाटतं, कारण उजेडाचा प्रश्न मोठा होता, पण २४ एमएमसाठी पैसे आधीच बाजूला निघाले असते.

शेवटी हंगाम संपल्यावर जुनी ईएफ-एस २४ एमएम एफ २.८ आठ हजारांना घेतली. पाच मीटरवरून साडेचार मीटरहून जास्त रुंदी मिळते, म्हणजे मंचाचा बहुतेक भाग. उजेड मात्र एफ १.८च्या मानाने अडीच पटींनी कमी पडतो, आयएसओ ६४०० पर्यंत जावं लागतं. ८०डीच्या फोटोत तेवढा दाणेदारपणा दिसतो, हँडबिलावर दिसत नाही.

दुसरं, घाई. ८०डी घेतला तो अमुक एका जत्रेआधी हातात पाहिजे म्हणून. चार दिवस जादा घेतले असते तर वर्तमानपत्राची चाचणी सौद्याआधीच झाली असती. दुरुस्ती मेनूतच झाली हे नशीब. फरक मेनूच्या आवाक्याबाहेर असता तर चौतीस हजारांच्या सौद्यात ते पदरात पडलं असतं.

तिसरं, साठवण. या खर्चाचा विचार खरेदीच्या वेळी कुणीच केला नाही. ८०डीची एक रॉ फाइल (सेन्सरवरची कच्ची नोंद) साधारण २९ एमबीची. एका रात्रीत सातशे-आठशे फोटो म्हणजे वीस-तेवीस जीबी. जानेवारी संपेपर्यंत त्याच्या जुन्या लॅपटॉपने हात वर केले. साडेचार हजारांची बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी लागली. ती आणि २४ एमएम धरून एकूण खर्च एकसष्ट हजारांवर गेला, बजेटपेक्षा हजार जास्त. नवा कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाने एकूण रकमेतला पाचवा हिस्सा बॉडी आणि लेन्स सोडून इतर गोष्टींसाठी धरावा असं मी आता सांगतो.

डीएसएलआर घेणं हीच चूक नव्हती का, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. कॅननचा रोख आता मिररलेसवर आहे, हे खरं. पण ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अडॅप्टर लावून कॅननच्या मिररलेस आर मालिकेच्या बॉडीवर चालतात, फोकससकट. उद्या त्याने बॉडी बदलली तरी दोन्ही लेन्स सोबत जातील. मिररलेसचा व्ह्यूफाइंडर चेहरा जळतोय की नाही ते फोटोआधीच दाखवतो, त्यामुळे सुरुवातीच्या काही रात्री वाचल्या असत्या. त्या रात्रींची किंमत वीस-तीस हजार रुपये धरायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

सध्या त्याच्या डोक्यात ८५ एमएम एफ १.८ घोळतेय, लांबून चेहरे टिपायला. मी सुचवलं की आधी देवस्थान समितीच्या लोकांशी बोल आणि मृदंगाच्या शेजारी, मंचाच्या कडेला एक माणूस बसेल एवढी जागा मिळते का बघ. तिथून नट दोन-अडीच मीटरवर येतो आणि आहे ती ५० पुरते. एका गावात परवानगी मिळाली आहे. ८५चे पैसे लॅपटॉपच्या रॅम आणि एसएसडीकडे वळवायचे ठरले आहेत.